वाटीतला भडका

‘फ्लॅश इन द पॅन’ हा इंग्रजी वाक्प्रचार क्रिकेटच्या समालोचनातून, शेअर बाजाराच्या बातम्यांतून आणि ऑफिसातल्या ईमेलमधून सतत आपल्या कानावर येतो. शब्दकोश त्याचा अर्थ एका ओळीत उरकतात: सुरुवातीला चमकलेलं, पण पुन्हा न दिसलेलं यश. अर्थ बरोबर आहे. अडचण अशी, की ‘पॅन’ म्हटल्यावर आपल्यापुढे स्वयंपाकघरातला पॅन उभा राहतो, त्यात तेलाचा भडका उडाल्याचं चित्र दिसतं आणि तिथून वापर सैल होत जातो. काहीही झटकन झालं नि झटकन संपलं, की ते ‘फ्लॅश इन द पॅन’. वास्तविक हा पॅन म्हणजे जुन्या बंदुकीच्या उजव्या अंगाला बसवलेली लहानशी लोखंडी वाटी. ती वाटी कशासाठी असते आणि तिचं काम नेमकं कुठे अडतं हे एकदा नीट पाहिलं, की हा वाक्प्रचार कुठे शोभतो आणि कुठे नाही हे आपसूक कळू लागतं. म्हणून आधी बंदूक.

चकमकीच्या बंदुकीची कळ, म्हणजे दारू पेटवणारी यंत्रणा, १७व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये आकाराला आली आणि पुढची दोनशे वर्षं युरोपातल्या फौजा तिच्याच भरवशावर लढल्या. आपल्याकडे तिला पथरकला असंही म्हणत. ब्रिटिश सैन्याची ‘ब्राउन बेस’ ही तिच्यातली सर्वांत प्रसिद्ध. वजन पावणेपाच किलोच्या घरात. नळीचा आतला व्यास पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर, पण गोळी मात्र साडेसतरा मिलिमीटरची. हा सैलपणा मुद्दाम ठेवलेला असे, कारण काही बार काढले की नळीच्या आत काजळीचा थर चढतो आणि घट्ट बसणारी गोळी खाली उतरतच नाही.

या बंदुकीत दारू दोन ठिकाणी असते, आणि सगळा खेळ या दोन जागांमधल्या अंतराचा आहे. मुख्य दारू नळीच्या बुडाशी, गोळीच्या मागे. तिचं वजन साधारण १० ग्रॅम. दुसरी चिमूटभर दारू बाहेरच्या वाटीत. तिला जुन्या भाषेत रंजक म्हणत, आणि ती अर्धा ग्रॅमही भरत नाही. वाटी आणि नळीचं बूड यांना जोडणारं दीड ते दोन मिलिमीटरचं एक भोक नळीच्या भिंतीत पाडलेलं असतं. ते भोक म्हणजे बंदुकीचा कान. तोफेलाही असाच कान असतो. पळून जाताना तोफांच्या कानात खिळे ठोकल्याचे उल्लेख आपल्या इतिहासात जागोजागी आहेत. कान बुजला की तोफ निकामी, मग तिच्या पोटात कितीही दारू असो.

भरण्याची रीत अशी. शिपाई कमरेच्या पेटीतून कागदी पुडी काढतो. त्या एकाच पुडीत दारू आणि गोळी दोन्ही असतात. घोडा, म्हणजे गारगोटी धरणारा हातोडीसारखा भाग, अर्धा मागे ओढून अडकवतो, म्हणजे तो चुकून पडत नाही. पुडीचं टोक दातांनी फाडतो, चिमूटभर दारू वाटीत टाकतो आणि वाटीचं झाकण मिटतो. मग बंदूक उभी करून उरलेली दारू नळीत ओततो, गोळी आणि पुडीचा कागद वरून ढकलतो आणि गजाने सगळं तळापर्यंत ठासतो. गज परत खोबणीत घालतो, घोडा पूर्ण मागे ओढतो, नेम धरतो, चाप दाबतो. कवायतीत मुरलेला शिपाई हे सगळं मिनिटाला तीन वेळा करू शके.

चाप दाबल्यावर घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी वेगाने पुढे येऊन वाटीवर उभ्या असलेल्या पोलादी पात्यावर आपटते. हे पातं आणि वाटीचं झाकण एकाच तुकड्याचे असतात. त्यामुळे गारगोटी पातं खरवडते त्याच झटक्यात झाकण उघडतं आणि ठिणग्या खाली वाटीत पडतात. या ठिणग्या दगडाच्या नसतात. गारगोटीची धार पोलादाचे बारीक कण सोलून काढते आणि घर्षणाने तापलेले ते कण हवेत जळतात. म्हणून गारगोटीला धार लागते आणि पात्याला कडकपणा. दोहोंतलं एकही कमी पडलं तर आग नाही. ब्रिटिश सैन्याला लागणारी काळी गारगोटी इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या ब्रँडन गावची असे. ती घोड्याच्या जबड्यात थेट धरत नसत, चामड्याच्या किंवा शिशाच्या पत्र्याच्या घडीत गुंडाळून आवळत, नाहीतर पहिल्या काही ठोक्यांतच ती सैल होई किंवा तिचा टवका उडे.

ठिणगी रंजकावर पडली, रंजक भडकलं, भडक्याची धग कानातून आत शिरली, आतली दारू पेटली, बार झाला. सगळं सुरळीत असेल तर डोळ्यांसमोरचा भडका आणि कानठळी बसवणारा आवाज वेगवेगळे कळतही नाहीत. पण रंजक भडकलं आणि आतली दारू पेटलीच नाही, तर? गालापासून वीतभर अंतरावर लखलखाट होतो, पांढरा धूर उठतो, डोळे दिपतात आणि पुढे काही घडत नाही. गोळी नळीतच. हा ‘फ्लॅश इन द पॅन’.

इथे एक भेद आहे आणि तो सोडून चालत नाही. गारगोटी बोथट झाली, ठिणगीच पडली नाही, तर फक्त ‘खट’ असा आवाज येतो. तो भडका नव्हे. रंजक ओलं होतं म्हणून पेटलं नाही, तोही भडका नव्हे. भडका उडण्यासाठी कळीची पहिली सगळी कामं बिनचूक व्हावी लागतात: घोडा नीट पडला, गारगोटी धारदार होती, पातं कडक होतं, रंजक कोरडं होतं. बिघाड शेवटच्या दीड-दोन मिलिमीटरच्या वाटेवर किंवा तिच्या पलीकडे आहे. आरंभ उत्तम आणि मुख्य काम शून्य, ही या घटनेची खूण आहे आणि वाक्प्रचाराचीही.

आत आग का पोहोचत नाही याची कारणं मोजकी आहेत. सर्वांत नेहमीचं म्हणजे कान बुजलेला. बंदुकीची जुनी काळी दारू ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक अशा प्रमाणात करत. ती जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही. घन राख म्हणून मागे राहतो. ही राख हवेतला ओलावा शोषते, चिकट होते आणि कानात बसून घट्ट होते. दमट हवेत हे अधिक लवकर होतं. म्हणून शिपायाच्या पट्ट्याला एक बारीक सुई आणि एक छोटा ब्रश साखळीने टांगलेले असत. सुई कानात घालून वाट मोकळी करायची, ब्रशने वाटी झाडायची. आपल्याकडच्या तोडेदार बंदुकांनाही, म्हणजे गारगोटीऐवजी जळत्या दोरीने पेटवायच्या बंदुकांनाही, अशी सुई साखळीला लटकवलेली सापडते. दुखणं एकच, त्यामुळे औषधही एकच.

दुसरं कारण वरून उलटं वाटतं: रंजक जास्त घातलं. नवख्याला वाटतं, वाटी शिगोशीग भरली की आग मोठी होईल. आग मोठी होतेही, पण कान दारूने भरून गेलेला असतो. मग भडक्याची धग मोकळ्या भोकातून झेप घेऊन आत जायच्या ऐवजी कानातली दारू वातीसारखी कणाकणाने जळत आत सरकते. बार होतो, पण रेंगाळून. तोवर नेम हललेला असतो. कधी वाटेतच ती वात विझते आणि बार होतच नाही. जाणकार वाटी अर्ध्याहून कमी भरतात, दारू कानापासून जरा बाजूला राहील असं बंदुकीला हलकं टिचकावतात आणि कान मोकळा ठेवतात. कानात जायची ती दारू नव्हे, नुसती धग.

तिसरं, आतली दारूच ओली. नळी पुसताना तेल उरलं, धुतल्यावर पाणी राहिलं, पावसात नळीचं तोंड वर राहिलं. चौथं, घाईत दारू ओतायचीच राहिली आणि नुसती गोळी ठासली. हे ऐकायला अशक्य वाटतं, पण काळ्या दारूच्या बंदुका हौसेने चालवणाऱ्यांमध्ये आजही ही चूक सर्रास होते आणि तिच्यासाठी गोळीला स्क्रूने धरून उपसून काढायचं हत्यार जवळ ठेवावं लागतं.

भडका उडून बार झाला नाही तर काय करायचं, याचे नियम कडक आहेत आणि त्यांत या वाक्प्रचाराबद्दल बरंच शिकण्यासारखं आहे. पहिला नियम: बंदूक खाली घ्यायची नाही. नळी लक्ष्याकडेच धरून निदान एक मिनिट थांबायचं, कारण कानात एखादी ठिणगी धुमसत असेल तर बार उशिरा होऊ शकतो. दुसरा नियम: मिनिट उलटल्यावर सुईने कान मोकळा करायचा, वाटी पुसायची, नवं रंजक घालायचं आणि पुन्हा चाप दाबायचा. आतली दारू कोरडी असेल तर बहुतेक वेळा आता बार होतो. आतली दारू कुठेही गेलेली नसते. जळालं ते अर्ध्या ग्रॅमहून कमी. आतली दहा ग्रॅम जशीच्या तशी आहे. आजच्या इंग्रजीत मात्र ‘फ्लॅश इन द पॅन’ म्हटलं की प्रकरण संपलं असं मानतात. मला या अर्थबदलाची खंत वाटते. बंदुकीच्या जगात तो शब्द पहिल्या प्रयत्नाचा निकाल होता. बंदुकीचा निकाल तो कधीच नव्हता.

छापील इंग्रजीत ही प्रतिमा १६८७ साली सापडते. एल्काना सेटल या नाटककाराने ड्रायडन या कवीची खिल्ली उडवताना लिहिलं, की तोफा जर नुसत्या पॅनमध्येच भडकणाऱ्या असत्या, तर ड्रायडनने समुद्रावर जायचं धाडस नक्की केलं असतं. ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण या वाक्प्रचाराची एक दुसरीच व्युत्पत्ती फार फिरते: कॅलिफोर्नियात सोन्याची धाव सुरू झाली तेव्हा नदीतली वाळू पसरट पाटीत गाळताना काहीतरी चमके, पण ते सोनं नसे, म्हणून म्हणे ‘पॅनमधली चमक’. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं ते जानेवारी १८४८ मध्ये. शब्द त्याच्या आधी दीडशेहून जास्त वर्षं वापरात होता. सोन्याच्या पाटीने इंग्रजीला दुसरा वाक्प्रचार दिला, ‘पॅन आउट’, म्हणजे अपेक्षेप्रमाणे फळणं. दोन्हींत पॅन आहे एवढंच, नातं नाही.

या बंदुकीचा आपल्या भूमीशी संबंध दूरचा नाही. ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच्या फौजांसाठी ३९ इंच नळीचा, जरा आखूड आणि स्वस्त नमुना करवून घेतला होता. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर ब्रिटिश सरकारला बंदुका कमी पडू लागल्या, तेव्हा त्याने कंपनीचा साठा घेतला आणि १७९७ पासून हाच ‘इंडिया पॅटर्न’ स्वतःच्या सैन्यासाठी स्वीकारला. २३ सप्टेंबर १८०३ ला आताच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणांगणावर इंग्रज आणि मराठे अशा दोन्ही बाजूंच्या कवायती पलटणींच्या हातांत चकमकीच्याच बंदुका होत्या; शिंद्यांच्या पलटणी युरोपीय धर्तीवर शिकवलेल्या होत्या. आणि इंग्लंडात या बंदुकांसाठी दारू बनत होती तिच्यातल्या सोऱ्याचा मोठा वाटा बिहारमधून जहाजांनी जात होता.

वाटी गेली ती एका धर्मोपदेशकामुळे. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे अलेक्झांडर फोर्सिथ यांना पक्ष्यांच्या शिकारीची आवड होती. वाटीतला भडका आणि धूर दिसताच पाखरं सावध होऊन उडून जात, हे पाहून त्यांनी ठोक्यासरशी पेट घेणाऱ्या रसायनाची कळ तयार केली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे त्यातूनच असं रसायन भरलेली तांब्याची छोटी टोपी आली, आणि १८४० च्या दशकापर्यंत ब्रिटिश सैन्याने गारगोटी आणि वाटी दोन्ही सोडून दिल्या. फोर्सिथ यांची तक्रार वाचताना जाणवतं, की भडका बार होवो न होवो, तोटा करतोच: समोरच्याला तुमची जागा आणि तुमचा इरादा दोन्ही कळतात. एखाद्या कंपनीने गाजावाजा करून नवं उत्पादन आणलं, ते टिकलं नाही आणि प्रतिस्पर्धी त्यावरून शहाणा झाला, तर या वाक्प्रचाराचा हा अर्थही तिथे लागू पडतो. शब्दकोशांत तो नाही. असायला हवा होता.

आता आजचा वापर. ‘फ्लॅश इन द पॅन’ म्हणण्यासाठी निदान तीन गोष्टी जमाव्या लागतात. पहिलं यश खरं आणि डोळ्यांत भरणारं हवं. त्यामागे आणखी काही आहे, अशी अपेक्षा रास्तपणे निर्माण झालेली हवी. आणि ती अपेक्षा पूर्ण करायची पुरेशी संधी मिळूनही ती पूर्ण झाली नाही, हे दिसलेलं हवं. यातली एक जरी गोष्ट नसेल तर दुसरा शब्द शोधावा. दिवाळीत मिठाईचा खप वाढला आणि नंतर उतरला, तर तो हंगाम आहे. कंपनीने जागा विकली म्हणून एका तिमाहीत नफा फुगला, तर ते एकवेळचं उत्पन्न आहे. त्यामागे पुन्हा तसंच काही येईल असं कुणी समजलेलंच नव्हतं. २३ मार्च १९८९ ला अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या पॉन्स आणि फ्लाइशमन यांनी खोलीच्या तापमानाला अणुसंमीलन झाल्याचं जाहीर केलं, पण इतर प्रयोगशाळांना तो परिणाम खात्रीने मिळवता आला नाही. त्यालाही हा वाक्प्रचार लावला जातो. माझ्या मते तो तिथे नीट बसत नाही, कारण पहिलं यशच सिद्ध झालं नव्हतं. वाटीत भडका तरी खरा असतो.

तिसरी अट सर्वांत जास्त मोडली जाते, कारण ती वेळ मागते. क्रिकेटमधली दोन नावं शेजारी ठेवली तर फरक कळतो. जून १९७२ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या बॉब मॅसीने पहिल्याच कसोटीत १३७ धावांत १६ बळी घेतले. जानेवारी १९८८ मध्ये चेपॉकवर नरेंद्र हिरवाणीने वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच कसोटीत १३६ धावांत १६ बळी घेतले. फरक एका धावेचा. मॅसी एकूण सहा कसोट्या खेळला आणि त्याच्या नावावर ३१ बळी राहिले, म्हणजे निम्म्याहून जास्त पहिल्याच सामन्यात. त्याला ‘फ्लॅश इन द पॅन’ म्हटलं तर शब्द वाया जात नाही. हिरवाणीला मात्र सरसकट तसंच म्हटलं जातं आणि ते मला पटत नाही. पहिल्या सामन्यानंतर न्यूझीलंडविरुद्धच्या तीन कसोट्यांत त्याने आणखी २० बळी घेतले आणि कारकीर्द १७ कसोट्या, ६६ बळी अशी झाली. पहिल्या सामन्याचे सोळा वजा केले तरी १६ कसोट्यांत ५० बळी उरतात. आरंभाच्या मानाने पुढचं कमी पडलं, हे खरं. पण आत दारू होती आणि ती पेटलीही. त्याच्या बाबतीत ‘पहिल्या सामन्याची उंची पुन्हा गाठता आली नाही’ असं सरळ म्हणावं. ते लांबतं, पण खोटं होत नाही.

व्याकरणाच्या बाजूने सांगण्यासारखं थोडंच आहे. हा वाक्प्रचार नाम म्हणून येतो, आधी ‘अ’ लागतो, आणि त्याच्याही आधी बहुधा ‘जस्ट’, ‘मिअर’ किंवा ‘नथिंग बट’. अनेकवचनात ‘फ्लॅशेस’ होतं, पॅन एकच राहतो. सेटलच्या काळी तो क्रियापदासारखा चाले. आज तसा लिहिला तर वाचणारा अडखळेल. ‘वॉज’पेक्षा ‘प्रूव्ह्ड टु बी’ किंवा ‘टर्न्ड आउट टु बी’ हे शब्द त्याच्या आधी चांगले बसतात, कारण त्यांतून मधे काळ गेला आणि मग निकाल लागला असं ध्वनित होतं. आपल्याकडे एक गल्लत नेहमी होते: पटकन काम केलं या अर्थी कुणी ‘लाइक अ फ्लॅश इन द पॅन’ असं लिहितं. त्यासाठी इंग्रजीत ‘इन अ फ्लॅश’ आहे. सहकाऱ्याने काम झटक्यात उरकलं म्हणून त्याचं कौतुक करायला जाल आणि त्याचं यश फुसकं होतं असं लिहून बसाल. ईमेलमध्ये हे फार महागात पडतं.

माणसाला हा शब्द लावताना जपावं. वार्षिक मूल्यमापनात एखाद्याच्या नावापुढे ‘फ्लॅश इन द पॅन’ लिहिणं म्हणजे त्याच्यात पुढचं काही नव्हतंच असा निकाल देणं. तिथे आकडा लिहावा: पहिल्या तिमाहीत इतकी विक्री, पुढच्या तीनमध्ये इतकी. आणि मग कान तपासावा. माणूस तोच आणि बार होत नाही, तर मधल्या वाटेत काय साचलंय? त्याची जागा बदलली, त्याला मदत करणारा माणूस निघून गेला, त्याच्यावर दोन कामं एकदम पडली, अशी कारणं निघतात आणि ती सुईने निघण्यासारखी असतात.

मराठीत लिहिताना याच्या जागी काय घालायचं, असा प्रश्न भाषांतर करणाऱ्यांना पडतो. ‘फुसका बार’ जवळचा वाटतो, पण त्यात सुरुवातीचा लखलखाट नाही. ‘नव्याचे नऊ दिवस’ हे पाहणाऱ्यांचं औत्सुक्य ओसरण्याबद्दल आहे. ‘औटघटकेचं राज्य’ सत्तेपुरतं ठीक. मला तरी ‘तेवढ्यापुरतीच चमक ठरली’ असं साधं वाक्य बरं वाटतं, आणि ज्या वाचकांना मूळ शब्द माहीत आहे त्यांच्यासाठी ‘फ्लॅश इन द पॅन’ देवनागरीत तसाच ठेवायला काही हरकत नाही.

याच बंदुकीने इंग्रजीला आणखी काही शब्दप्रयोग दिले. बार रेंगाळतो तो ‘हँग फायर’, म्हणजे निर्णय लांबणीवर पडणं. अर्ध्या ओढलेल्या घोड्यावरून ‘हाफ कॉक्ड’, म्हणजे पुरती तयारी नसताना सुरुवात करणं. कळ, दस्ता आणि नळी मिळून ‘लॉक, स्टॉक अँड बॅरल’, म्हणजे सगळंच्या सगळं. वॉल्टर स्कॉटच्या १८१७ च्या पत्रात हे तिन्ही शब्द एकत्र आलेले आहेत. यांतल्या एकाचीही ‘फ्लॅश इन द पॅन’इतकी गल्लत होत नाही.

नकारार्थी वापर हा या वाक्प्रचाराचा मला सर्वांत आवडणारा उपयोग आहे: ‘नो फ्लॅश इन द पॅन’. तो दुसऱ्या यशानंतरच करता येतो, त्यामुळे त्यात घाई आपोआप टळते. २५ जून १९८३ ला भारताने लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजला ४३ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला आणि त्याने कसोटी मालिका ३-० आणि एकदिवसीय मालिका ५-० अशी जिंकली. त्या डिसेंबरात कुणी लॉर्ड्सचा विजय ‘फ्लॅश इन द पॅन’ ठरवला असता, तर आकडे त्याच्या बाजूने होते. वेळ मात्र पुरेसा गेलेला नव्हता. एप्रिल १९८४ मध्ये शारजात भारताने आशिया चषक जिंकला. फेब्रुवारी-मार्च १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या स्पर्धेत गावसकरांच्या नेतृत्वाखाली भारत पाचही सामने जिंकला. १० मार्चला मेलबर्नच्या अंतिम सामन्यात त्याने पाकिस्तानला आठ गडी राखून हरवलं. संघात कपिल देव, श्रीकांत, मोहिंदर अमरनाथ, वेंगसरकर, शास्त्री, मदनलाल, बिन्नी हे १९८३ च्या तुकडीतलेच होते. अझरुद्दीन, शिवरामकृष्णन आणि यष्टिरक्षक सदानंद विश्वनाथ नवे. लॉर्ड्सपासून मेलबर्नपर्यंत वीस महिने गेले, आणि त्यांतले पहिले सहा पाहून दिलेला कोणताही निकाल चुकला असता.